दत्तरावांचा न भरणारा खड्डा

गंगाखेड,
२ डिसेंबर १९७७

ती. सटवाजी मामास,
कुसुमचा जयभीम.

हे पत्र सोनपेठ गाडीचे कंडक्टर लिंबाजीभाऊ यांच्या हाती देतेय. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. मामा, तुम्ही टाकलेली लाइन तुंबली.

चार वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या संडासापासून मागच्या टाकीपर्यंत चिनीमातीचे नळ टाकले आणि मधे तीन चेंबर बांधले. दसऱ्यापर्यंत काही तक्रार नव्हती. आता दुसऱ्या चेंबरचं झाकण उचललं की पाणी काठोकाठ. वास इतका की तुमचे जावई नाकाला रुमाल बांधून जेवायला बसतात. घास कुठून घालतात ते विचारू नका.

शेजारचे दत्तराव गप्प बसले तर ते दत्तराव कसले? त्यांनी नगरपालिकेत अर्ज ठोकला आणि आम्हाला नोटीस आली. वीस तारखेला इन्स्पेक्टर पाहणीला येणार. तोवर लाइन दुरुस्त झाली नाही तर संडासाला सील. वर दत्तराव भिंतीवरून ऐकवतात, "बाई, आमचा खड्डा बगा. तुमच्याच मामानं बांधलेला. चार वर्सं झाली, अजून भरला न्हाई. माणसाचं खाणं सात्त्विक पायजे." मी शाळेत चाळीस पोरांना गप्प करते, पण भिंतीपलीकडचा हा एक आवरत नाही.

मामा, या घरात स्वयंपाकघराच्या आधी मी संडास बांधून घेतला हे तुम्हाला माहीत आहे. लहानपणी आईचा पदर धरून अंधारात जायचं, रस्त्यानं कुणाची चाहूल लागली की अर्धवट उठून उभं राहायचं, हे मी विसरलेले नाही. माझी सुजाता आता बारा वर्षांची झाली. तिच्या हातात टमरेल देऊन मी तिला रुळाकडं पाठवणार नाही, मग इन्स्पेक्टर येवो की कलेक्टर.

हे म्हणतात, उतार कमी पडला असेल. मी नाही म्हणत, हे म्हणतात. पण मामा, पडला का?

आपली,
कुसुम


सोनपेठ,
३ डिसेंबर

चि. कुसुमला सटवाजीचा जयभीम.

उतार कमी पडला म्हणं. जावयबापूला सांग, फायलीला फीत बांधनं येगळं आन् नळ टाकनं येगळं. चाळीस फुटाला एक फूट उतार, दोरी ताणून, पाणसळ ठिवून दिलाय म्या. हैदराबादला आमचे उस्ताद नव्या नळात वरून लिंबू सोडायचे. लिंबू मधी थांबलं की त्या गवंड्याचा त्या दिवशीचा चहा बंद. मपलं लिंबू एकदा बी थांबलं न्हाई.

मी सोता आलो असतो, पर पाय पिलास्तरात हाय. तीस वर्सं परांचीवर चढलो तवा काही झालं न्हाई, आन् पडलो बाजेवरून. तुजी मामी अजून हसायलीय.

आता ध्यान देऊन वाच. आदी चेंबर उपसा. त्याला बाहेरचा मानूस बोलावू नका. आपली घाण आपुन काढायची, त्यात लाज कसली? मग एका चेंबरात पेटता कंदील ठिवायचा आन् दुसऱ्यात आरसा तिरपा धरायचा. आरशात उजेडाचा पुरा गोल दिसला तर नळ साफ. गोल कापलेला दिसला तर मधी काहीतरी बसलंय. तसं असंल तर बांबूच्या कामट्या एकाला एक बांधून आत सारा.

त्यानं बी कळलं न्हाई तर उस्तादांचा धूर हाय. खालच्या चेंबरात घमेलं ठिवायचं, त्यात निखारे, वर ओला कडबा आन् मूठभर ऊद. आपल्या हवेच्या नळाला वरून ओलं पोतं बांधायचं आन् सुपानं वारा घालायचा. नळ जिथं फुटका असंल तिथून धूर वर येतो. पर तेवढी पाळी येनार न्हाई. काम मपलं हाय.

दत्तरावाच्या घरी सगळे बरे हायेत ना? त्यांच्या आडाचं पाणी अजून गोड हाय ना?

सटवाजी


गंगाखेड,
७ डिसेंबर

ती. मामास जयभीम.

दत्तरावांच्या आडाची चौकशी कशाला ते कळलं नाही, पण पाणी गोड आहे. दत्तराव तेवढे कडू आहेत.

रविवारी आम्ही दोघांनी चेंबर उपसलं. पहिल्या बादलीला हे म्हणाले, "कुसुम, मला भोवळ येतेय." दुसऱ्या बादलीला म्हणाले, "ऑफिसात एक अर्जंट काम राहिलंय." रविवारचं. मी पदर खोचला आणि म्हटलं, मामांनी बाहेरचा माणूस बोलावू नका म्हटलंय, आतल्या माणसाला सुट्टी दिलेली नाही. मग मात्र बिचाऱ्यांनी निमूटपणे चौदा बादल्या काढल्या.

आरसा त्यांच्या दाढीचा घेतला. आता दाढी कशात बघून करायची, यावर घरात वाद चालू आहे. पहिल्या आणि दुसऱ्या चेंबरच्या मधे कंदिलाचा उजेड अगदी पुनवेचा दिसला. मामा, तुमचा नळ सरळ आहे, उतारही बरोबर आहे. यांनी ते स्वतःच्या तोंडानं कबूल केलं आणि मी ते इथं मुद्दाम लिहितेय.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे मात्र अमावास्या. कामट्या सारल्या तर नऊ हातांवर अडकल्या. जोर लावला तर आतून टण् असा आवाज आला. पुन्हा ढोसलं, पुन्हा टण्. चिनीमातीच्या नळात धातू कुठून आला? आता नऊ हातांवर खणून बघावं म्हणते. तुमचं उत्तर आलं की खणायला घेते.

आपली,
कुसुम


सोनपेठ,
१२ डिसेंबर

चि. कुसुमला जयभीम.

उत्तराला पाच दिस लागले. तब्येत ठीक नव्हती. खणू नको. पिलास्तर पाच तारखेला निघंल, मग मी येऊन बगतो. तोवर सबूर धर. आन् धूर तर अजाबात करू नको.

सटवाजी


गंगाखेड,
१६ डिसेंबर

ती. मामास जयभीम.

तब्येत ठीक नव्हती म्हणता, आणि लिंबाजीभाऊ सांगतात की मिस्त्री रोज ओट्यावर बसून पत्ते कुटायलेत. वीस तारखेला सील लागणार आणि तुम्ही सांगता पुढच्या पाच तारखेपर्यंत सबूर धर. ज्या माणसानं मला जन्मात एक गोष्ट 'करू नको' म्हणून सांगितली नाही, तो आज दोन गोष्टी करू नको म्हणतोय. म्हणून काल गुरुवारी मी धूर केला.

सगळं तुमच्या पहिल्या पत्राबरहुकूम केलं. तिसऱ्या चेंबरात घमेलं, निखारे, कडबा, ऊद. आमच्या हवेच्या नळाला ओलं पोतं. मी सुपानं वारा घालत होते, हे दुसऱ्या चेंबरपाशी धूर येतो का ते बघत होते आणि सुजाता जमिनीवर नजर ठेवून होती. दुसऱ्या चेंबरात धुराचा मागमूस नाही. म्हणजे वाट मधेच बंद. जमिनीतूनही कुठं आला नाही. मग एवढा धूर जातोय कुठं म्हणून मी मान वर केली, तर दत्तरावांच्या भिंतीला जो हवेचा नळ आहे ना, त्याच्या टोकातून पांढरा धूर निघत होता. आणि वास उदाचा.

पुढचं ऐका. दत्तरावांच्या आई दगडाबाई अंगणात बोरं निवडत बसल्या होत्या. त्यांनी वास घेतला, वर बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "गुरुवारचा पीरबाबा आला गं माय आपल्या घरी," म्हणाल्या. दत्तराव धावत आले, टोपी नीट केली आणि त्यांनी त्या नळापुढं नारळ फोडला. संडासाच्या नळापुढं, मामा. खोबरं आळीत वाटलं. आम्हाला भिंतीवरून दुरून टाकलं. मी पदर तोंडात कोंबून घरात पळाले.

हसून झाल्यावर मात्र डोकं तापलं. आमच्या लाइनीतला धूर त्यांच्या नळातून निघतो याचा अर्थ एकच. दत्तरावांचा खड्डा बिड्डा काही नाही. त्यांनी चोरून आमच्या लाइनीला जोड मारलाय. म्हणूनच तो चार वर्षांत भरला नाही. हा माणूस आम्हाला खोबरं दुरून टाकतो, त्याचं सगळं आमच्या टाकीत येतं, आणि अर्जही आमच्यावरच. वीस तारखेला इन्स्पेक्टरसमोर सगळी आळी गोळा करून मी हे सांगणार आहे. भाषण तयार आहे.

कुसुम


सोनपेठ,
१७ डिसेंबर

चि. कुसुमला जयभीम.

पोरी, भाषण करू नको. हात जोडतो.

दत्तरावानं चोरी केलेली न्हाई. त्याला ह्यातलं काही ठावंच न्हाई. जोड म्या दिलाय.

तुजी लाइन टाकत होतो तवा त्याची बायको कस्तुराबाई भिंतीपाशी येऊन उभी राहायची. एक दिस म्हणली, "मिस्त्रीभाऊ, आमच्या घरात बी असं व्हावं असं लय वाटतं. मपला गुडघा गेलाय. पहाटं शेतात बसलं की उठता येत न्हाई, कुणाला हाक मारायची बी चोरी." सासू आन् नवरा म्हणत, संडासानं घर बाटतं. म्या त्या दिशी तुज्या नळात त्यांच्या अंगाला, भिंतीखालून, एक फाटा ठिवला आन् त्याला टोपण घातलं. म्हणलं, असू द्या, कधी तरी कामाला येईल.

पुढं त्याच साली दत्तरावाचाच गुडघा धरला, तवा कुठं त्याला अक्कल आली. मला बोलावलं आन् म्हणला, मागं खड्डा घ्या. त्याच्या मागं जागा किती, तर आडापासून आठ हात. तिथं खड्डा घेतला असता तर सगळं झिरपून आडात. मी सांगून पाहिलं. म्हणला, "तुमी आमाला शिकवू नका." मग तो ज्वारीच्या काढणीला लांबच्या शेतावर गेला, आन् कस्तुराबाई म्हणली, "भाऊ, काय करायचं ते करा, पर घरात लेकरं हायेत, आड नासवू नका." म्या फाट्याचं टोपण काढलं, जोड दिला आन् वर मातीचा उंचवटा करून फरशी टाकली. दत्तरावाला तोच खड्डा वाटतो. कस्तुराबाईला म्या जबान दिली हाय की हे कुणाला कळनार न्हाई.

तुला कामून सांगितलं न्हाई? तुजं आन् दत्तरावाचं तवा भिंतीवरून भांडण पेटलं होतं. तू न्हाई म्हणली असतीस, न्हाईतर हो म्हणून मग त्याच्या तोंडावर मारलं असतंस. दोन्ही तुजा सोभाव हाय.

नऊ हातांवरच तो फाटा हाय. म्हणून खणू नको म्हणलं. आता खणावंच लागंल. वरच्या अंगाचा एकच नळ काढ, हात घालून अडकलंय ते काढ, फाट्यावर पोतं टाकून ठिव. आन् तोंड बंद. त्या बाईचं घर तुज्या हातात हाय.

सटवाजी


गंगाखेड,
२० डिसेंबर

ती. मामास.

तोंड बंद ठेवलं. ते किती जड गेलं ते तुम्हाला सांगते.

सकाळी इन्स्पेक्टर आले. यांनी आणि मी नऊ हातांवर खणून ठेवलं होतं, फाट्यावर पोतं टाकलं होतं. दत्तराव भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून तमाशा बघत होते. वरचा नळ सोडवला. मी कोपरापर्यंत हात घातला, चिंध्यांचा बोळा हाती आला आणि त्याच्या आत एक कप. जर्मनच्या पत्र्याचा, चेपलेला, कान असलेला. तो निघाला आणि तुंबलेलं सगळं पाणी गड्गड् करत टाकीकडं निघून गेलं. मामा, मला इतका आनंद झाला की मी त्या घाणेरड्या हातानं यांच्या पाठीवर थाप मारली.

इन्स्पेक्टरांनी कप धुवायला लावला आणि उलटा करून बघितला. बुडाला खिळ्यानं नाव कोरलेलं होतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "सटवाजी मिस्त्री."

दत्तराव असे हसले की त्यांची टोपी आमच्या अंगणात पडली. "बगा, मिस्त्री चहा पिऊन कप नळातच इसरला." इन्स्पेक्टरांनी कागदावर लिहिलं: मिस्त्रीची हयगय. सील टळलं, पण म्हणाले, यापुढं गंगाखेडात सटवाजी मिस्त्रीच्या हातची लाइन असेल तर नकाशा पास करणार नाही. मी त्यांना म्हटलं की चार वर्षं पाणी वाहत होतं, मग कप पहिल्यापासून आत असेल कसा? ते म्हणाले, बाई, तुम्ही शाळा बघा.

एक वाक्य बोलले असते तर दत्तरावांचं हसू घशात गेलं असतं. नाही बोलले. पण मला खरं सांगा. तो कप तुमचा आहे का?

कुसुम


सोनपेठ,
२२ डिसेंबर

चि. कुसुमला जयभीम.

कप मपलाच हाय.

दत्तरावाकडं अकरा दिस काम केलं. मागच्या दाराशी कोनाड्यात तो कप पालथा असायचा. आपल्यासारख्यासाठी येगळा, दत्तरावानं कधी हातात बी धरला नसंल. चहाच्या टायमाला म्या तो घ्यायचा, दगडाबाईनं वरून चहा वतायचा, पिऊन झालं की म्याच घासायचा आन् पालथा घालायचा. चौथ्या दिशी मनात आलं, ह्यातून दुसरं कुणी पीत न्हाई, म्हणजे कप मपलाच झाला की. लोक लग्नातल्या भांड्यावर नाव घालत्यात, म्या ह्याच्यावर घातलं. खिळा हाताशीच होता. थट्टा म्हणून केलं. कस्तुराबाईनं ते वाचलं. मला वाटलं हासंल. ती पदर डोळ्याला लावून आत गेली.

काम संपलं तवा कप कोनाड्यातच ठिवून आलो. तो नळात कसा गेला, मला ठावं न्हाई. आन् कुणाला इचारायचं बी न्हाई. इचारायला गेलं की फाटा निघतो, फाटा निघाला की कस्तुराबाईचं निघतं. त्यापरीस हयगय लिहिली ते बरं. गंगाखेडात काम न्हाई मिळालं तर सोनपेठात मिळंल. हितं बी न्हाई मिळालं तर पत्ते हायेत.

खरं सांगू का, बरं न्हाई वाटलं. तीस वर्सांत मपल्या कामावर कुणी शाई लावली नव्हती. परवापासून घरात बसूनच हाय. मामी बी हसायची थांबली.

सटवाजी


गंगाखेड,
२६ डिसेंबर

ती. मामास जयभीम.

बसूनच असाल तर आता नीट टेकून बसा आणि मामींनाही जवळ बसवा.

काल रविवारी दत्तरावांकडं सोयरे आले होते. अंगणात चहा चालला होता आणि दत्तराव नेहमीची गोष्ट सांगत होते: मिस्त्रीचा कप, आपलं सात्त्विक खाणं, न भरणारा खड्डा. मी भिंतीच्या अलीकडं कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात कस्तुराबाई चहाचं ताट घेऊन बाहेर आल्या. गोष्ट ऐकली, ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री इसरला न्हाई. कप म्या टाकला."

दत्तराव म्हणाले, "कुठं टाकला?"

"आपल्या संडासात."

सगळ्यांसमोर त्या बोलत गेल्या, मामा, आणि आवाज जरासुद्धा चढवला नाही. म्हणाल्या, "त्या कपावर त्या माणसानं सोताचं नाव कोरलं, तवापासून तो कोनाड्यात दिसला की मपल्या हातातलं काम थांबायचं. उकिरड्यावर टाकला, सासूबाई उचलून घेऊन आल्या, म्हणल्या चांगला हाय की. आडात टाकला तर चार दिसांनी पोहऱ्यात वर आला. मग दसऱ्याच्या साफसफाईत म्या तो चिंध्यांत गुंडाळला आन् इचार केला, ह्या घरात अशी जागा कोणती जिथं सासूबाई हात घालनार न्हाईत?"

एक सोयरा हसला.

दत्तराव म्हणाले, "पर आपल्या खड्ड्यातला कप ह्यांच्या नळात गेला कसा?"

"खड्डा न्हाईच," कस्तुराबाई म्हणाल्या. "मिस्त्रीनं आपला आड वाचवला. तुमचं सात्त्विक चार वर्सं झाली कुसुमताईच्या टाकीत जायलंय. जबान मिस्त्रीनं दिली होती, म्या न्हाई. त्यानं पाळली, मी मोडते."

दत्तराव उठून त्या फरशीपाशी गेले आणि पायानं ती ठोकून बघितली. मला वाटलं आता काहीतरी फुटणार. पण पहिल्यांदा बोलल्या दगडाबाई. "म्हंजे आपुन नारळ कशापुढं फोडला?" त्यांनी विचारलं. मला हसू आवरेना, मी ओल्या साडीत तोंड खुपसलं. वर बघितलं तर कस्तुराबाई हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आज सकाळी दत्तराव नगरपालिकेत गेले आणि त्यांनी अर्ज मागं घेतला. न घेऊन करतात काय? आमच्याबरोबर त्यांनाही सील लागलं असतं. पण दुसरी गोष्ट त्यांनी न सांगता केली, ती मी लिहून ठेवते. इन्स्पेक्टरांसमोर बसून त्यांनी हयगयीची ओळ खोडायला लावली आणि लिहून दिलं की कप आमच्या घरातून गेला, मिस्त्रीचं काम चोख आहे. खाली सही केली.

संध्याकाळी भिंतीपाशी आले. टोपी हातात होती. म्हणाले, "बाई, जोड आता उघड करून घेऊ, मधी चेंबर बांधू. मिस्त्रीच येतील ना?" मी म्हटलं, विचारते. मग घुटमळले. मागं वळून बायकोला म्हणाले, "आता त्यांना चहा कशात द्यायचा?"

कस्तुराबाई आतूनच म्हणाल्या, "तुमी पिता त्या कपात."

दत्तरावांनी टोपी डोक्यावर चढवली. नाही मात्र म्हणाले नाहीत.

तुमचा जर्मनचा कप माझ्याकडं आहे. काय करू त्याचं?

आपली,
कुसुम


सोनपेठ,
२७ डिसेंबर

चि. कुसुमला जयभीम.

तुजं पत्र मामीनं वाचलं, मग म्या वाचलं, मग लिंबाजीनं गाडी थांबवून वाचलं. गाडी पंधरा मिनिटं लेट झाली.

पिलास्तर निघायची वाट बगत न्हाई. गुरुवारी काठी टेकत येतो. दोन चिनीमातीचे नळ आन् एक फाटा मागवून ठिव. लिंबू बी आणून ठिव. सगळ्यांसमोर सोडू.

कप चेंबरच्या काँक्रीटात घालू, नाव खालच्या अंगाला. म्हणजे सासूबाईला कुठूनच काढता येनार न्हाई.

चहाचं कस्तुराबाईला सांग, येतो म्हणावं. आन् दत्तरावाला आदीच सांगून ठिव, पिऊन झाल्यावर कप मी घासनार न्हाई आन् पालथा बी घालनार न्हाई. हात आपसूक पाण्याकडं जाईल मपला, सवय लय जुनी हाय. तू शेजारी बस आन् मपला हात धर.

सटवाजी